दुसरी लाइन

हबीबभाई ऑफिसात कधी सरळ येत नसत. आधी दारात उभे राहून पँटच्या पायांना चिकटलेली कुसळं एकेक करून काढत, बूट पायरीवर आपटत, आणि मगच आत पाऊल टाकत. कॉम्प्युटरचं सगळं जाळं सांभाळणारा माणूस एसीत बसून बटणं दाबत असेल अशी माझी समजूत होती. त्यामुळे पहिल्या दिवशी मी त्यांना पाण्याच्या मोटरसाठी बोलावलेला मिस्त्री समजले आणि "मोटर मागच्या बाजूला आहे," असं सांगून मोकळी झाले. ते मुकाट्याने मागे गेले, मोटर पाहिली, परत आले. "मोटर चांगली हाये ताई. आता मले माह्यी खुर्ची दाखवता काय?" त्यानंतर नोकरीभर त्यांनी मला या गोष्टीवरून चिडवलं.

आमची कंपनी तपासण्या करणारी. मुख्य लॅब यवतमाळला आणि तालुक्यातालुक्यात केंद्रं. रक्ताचे नमुने गाडीने येतात. ईसीजी मात्र केंद्रातच काढतात, तो लाइनीवरून यवतमाळला येतो, इथे हृदयाचे डॉक्टर तो पडद्यावर वाचतात आणि गंभीर असेल तर लगेच फोन करून पेशंटला हलवायला सांगतात. आलेला ईसीजी डॉक्टरांपुढे ठेवायचा हे माझं काम. हबीबभाई येण्याआधी या कामाने माझं डोकं उठलं होतं. मालकांना केंद्रं उघडायची भारी हौस. जिथून मिळेल तिथून वायर ओढायची, फीत कापायची आणि पुढच्या गावाला लागायचं. मग लाइन गेली की केंद्रवाले माझ्यावर ओरडत आणि मी त्यांच्यावर.

हबीबभाईंनी आल्या आल्या मालकांना थांबवलं. म्हणाले, "साहेब, घर बांधताना पोरगं पाळन्यात असते. सून कोन, कुठची, काही पत्ता नसते. तरी तिची खोली आपन सोडतोच ना?" त्यांनी सगळा आराखडा नव्याने मांडला. प्रत्येक केंद्र एकाच साच्याचं, म्हणजे एकीकडची पेटी बिघडली तर दुसरीकडची आणून लावता यावी. दक्षिणेकडची केंद्रं आधी पुसदला जोडायची आणि पुसदहून यवतमाळला यायचं, म्हणजे सगळा भार एकट्या यवतमाळवर नको. अजून न उघडलेल्या केंद्रांचे नंबरसुद्धा राखून ठेवलेले. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक केंद्राला दोन लाइनी, दोन वेगळ्या बाजूंनी आलेल्या. एक तुटली की दुसरी आपोआप लागायची. दोन्ही गेल्याच, तरी ईसीजी केंद्रातल्या पेटीत जपून राहायचा आणि लाइन येताच स्वतःहून निघायचा. त्यांच्या जाळ्यात काही हरवत नसे, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

कुसळांचं कारण या दोन लाइनींत होतं. लाइन टाकणाऱ्यांनी दिलेला नकाशा ते घडी घालून खिशात ठेवत आणि केंद्रापासून उलट चालायला लागत. नाल्याच्या काठाने, शेतांच्या धुऱ्यांवरून, कपाशीच्या पऱ्हाटीतून. "कागदावर दोन दिसतेत. जमिनीत किती हायेत, ते चालल्याबिगर समजत नाही," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. बोरी अरबला उद्घाटनाचा मांडव पडला होता, पेढे आले होते, आणि हे गृहस्थ चालून आले ते सांगत, की दोन्ही लाइनी एकाच पुलावरून येतात, म्हणून केंद्र सुरू होणार नाही. मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हबीबभाईंनी स्वतः पेढ्यांचा डबा उघडला. "खाऊन घ्या साहेब. पेढे खराब होतीन, केंद्र नाही होत." एक लाइन दुसऱ्या बाजूने नेल्यावरच त्यांनी सही केली. त्या पावसाळ्यात पुलाला बांधलेला पाइप पुरात गेला आणि बोरीचे ईसीजी तरीही माझ्याकडे येत राहिले. तेव्हापासून मालकांनीच नियम केला, की हबीबभाईंची सही नसेल तर केंद्र उघडायचं नाही.

ते मूळचे फुलसावंगीचे. वडील तिथे विहिरींचे पंप दुरुस्त करायचे. ईदला गावी गेले की गाववाले त्यांना सोडत नसत. "जिल्हाभर लाइन नेली हबीबनं, गावाले कंदीलच काय?" हे ते हसत हसत सांगायचे, पण त्यांना ते लागायचं हे मला कळत होतं. त्यांच्या गल्लीतल्या सुमनबाई तर दर खेपेला विचारायच्या, "आमची मशीन कवा येनार रे बाप्पा?" अखेर फुलसावंगीचं केंद्र मंजूर झालं तेव्हा त्यांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला.

तिथली एक लाइन महागाव रस्त्याच्या कडेने आली. दुसरी आणायचं काम दिगांबरने घेतलं. दिगांबर गावचा केबलवाला, हबीबभाईंच्या शाळेतल्या बाकावरचा मित्र. त्याने ती मागच्या बाजूने, शेतांतून आणायची असं ठरलं होतं. पाहणीच्या दिवशी मीही सोबत होते, कारण केंद्रावरच्या अश्विनीला काम शिकवायचं होतं. दिगांबरच्या घरी पाटोडी रस्सा झाला. हात धुऊन हबीबभाईंनी बूट घातले.

"कुठं निंगाला बे?" दिगांबर म्हणाला.

"लाइन पाहून येतो."

"माह्यी? कंपन्यायच्या पाह्य ना. माह्या घरी जेवून माह्याच मागं चौकशी लावतं काय?"

तो हसतच म्हणाला, पण आतून त्याची बायको बाहेर येऊन उभी राहिली. हबीबभाई थोडा वेळ बुटांच्या नाड्यांशी चाळा करत राहिले. मग कागदावर सही करून सरळ गाडीत येऊन बसले. मी त्यांच्या पायांकडे पाहून म्हटलं, "आज पँट कोरी कशी?" ते म्हणाले, "आपल्या मानसाले काय तपासाचं ताई." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणालाच वाटलं नसतं.

निघण्याआधी त्यांनी अश्विनीला पडद्यासमोर बसवून समजावलं होतं. "हे लाल झालं तं घाबराचं नाही. वायरी ओढाच्या नाही. एक गेली तं दुसरी हाये. फक्त थांबाचं. जाते म्हंजे जातेच." अश्विनी तिशीची, त्याच गावात दिलेली, नर्सिंग शिकलेली. तिने मान डोलावून ते मनात पक्कं केलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. फुलसावंगीजवळ रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. दुपारी माझ्या पडद्यावर फुलसावंगी लाल झाली. मी हबीबभाईंना सांगितलं. "दुसरी लागन आता," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले. ती लागली नाही. त्यांनी कप खाली ठेवला, अश्विनीला फोन लावला, तोही लागेना. गावचा मोबाइल टॉवरही तुटलेल्या लाइनीच्याच पाइपातून जोडलेला होता, हे नंतर कळलं. ते गाडी काढून निघाले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला भीती वाटली.

नेमक्या त्याच दुपारी सुमनबाईंना छातीत जळजळते म्हणून त्यांच्या नवऱ्याने केंद्रात आणलं होतं. अश्विनीने ईसीजी काढला, पाठवायचं बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. नवरा विचारत होता, "पुसदले नेऊ काय?" आणि ती सांगत होती, "थांबा काका, दुसरी लाइन लागतेच आता." सुमनबाई बाकावर बसून बोलत होत्या, घाम पुसत होत्या. केंद्रांच्या लाइनी भिकार होत्या त्या काळी आम्ही अशा पेशंटला विचार न करता गाडीत घालत होतो. इथे लाइनीवर विश्वास होता. शेवटी अश्विनीलाच धीर धरवेना, तिने गाडी बोलावली. पुसद यायच्या आधीच सुमनबाई गेल्या.

यवतमाळला आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. संध्याकाळी तुटलेली लाइन जोडली गेली आणि पेटीत जपून ठेवलेला ईसीजी ठरल्याप्रमाणे माझ्या पडद्यावर आला. नाव, वय, गाव, सगळं नीट. मी तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी पाहिला मात्र, ताडकन उठून फोन घेतला. "फुलसावंगी? या बाईंना आत्ताच्या आत्ता पुसदला हलवा." पलीकडून अश्विनी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. डॉक्टर फोन हातात धरून तसेच उभे राहिले. पडद्यावरची ती वरखाली जाणारी रेघ मी तशीच राहू दिली.

दोन्ही पाइप एकाच नालीत होते. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने एका फटक्यात दोन्ही तोडले. हबीबभाई नालीत उतरले तेव्हा दिगांबर काठावर उभा होता. "शेतकरी खोदू देत नव्हते," तो म्हणाला. "महागाव रस्त्याच्याच नालीत टाकून देल्ली. मले वाटलं तू पाहशीन, मंग काढू. तू पाह्यलंच नाही." हे हबीबभाईंनी मला एकदाच सांगितलं. मालकांच्या बैठकीत "लाइन तपासली कोणी?" असं विचारलं गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्या. माह्यी सही हाये." दिगांबरचं नाव त्यांनी घेतलं नाही. वेळेत ईसीजी आला असता तर त्या वाचल्या असत्या का, यावर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे 'सांगता येत नाही' सगळ्यात वाईट होतं. त्याने कोणाची सुटका झाली नाही.

सुमनबाईंच्या घरी भेटायला आम्ही दोघं गेलो. त्यांच्या नवऱ्याने आम्हाला पाणी दिलं, दोष दिला नाही. तिथून अश्विनीकडे गेलो. ती त्या दिवसापासून केंद्रावर आली नव्हती. ओट्यावर बसली होती, वाळून अर्धी झालेली. हबीबभाईंना पाहून तिने डोक्यावर पदर घेतला आणि एकच विचारलं.

"भाऊ, दुसरी लाइन लागाले किती येळ लागते? मी गाडी लवकर बोलावली काय? अजून थोडं थांबाले पायजे होतं काय?"

एवढे दिवस ती हाच हिशेब करत बसली होती. हबीबभाईंनी 'बिघाड होता, उशीर लागला' असं काहीतरी म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. काय बिघडलं असतं? पण त्या माणसाला खोटं जमत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा राग आला.

"दुसरी लाइन नव्हतीच, अश्विनीताई," ते म्हणाले. "एकच होती."

"मंग मी कायच्यासाठी थांबलती?"

हबीबभाई उठून गाडीकडे चालू लागले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. आता ते पुसदला मुलीकडे असतात. मालकांनी नवी केंद्रं उघडलीच. नागपूरहून आलेली माणसं म्हणाली, आराखड्यात बदलण्यासारखं काही नाही, राखून ठेवलेले नंबर तेवढे वापरायचे. जाळं वाढतंय, कुठे अडत नाही. मालकांनी मला फोन करायला लावला, की काही नाही तर सल्ल्यापुरतं तरी या. हबीबभाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"येतो ना ताई," ते म्हणाले. "पन अश्विनीताईले जवाब द्याचा राह्यला हाये. तो सुचला की येतो."

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही.