पान सोळानंतर तेहेतीस

आमची ताई बोलायला लागली की घड्याळ तेवढं चालू राही, बाकी सगळे थांबत. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं शिवणीच्या टेबलावर आहे आणि समोरच्या खुर्चीवर मी, तिची धाकटी बहीण. राहतोही एकाच घरात. त्यामुळे माझ्या कानांना सुट्टी अशी नव्हतीच.

छापून घडी घातलेल्या सोळा पानांच्या जुडग्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे क्रमाने लावून दोऱ्याने शिवायचे, हे ताईचं काम. सव्वीस वर्षांत तिचा एकही फर्मा चुकला नव्हता आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. मग एके दिवशी मालकांनी तिच्यापुढे एक पुस्तक उघडून ठेवलं. पान सोळानंतर एकदम तेहेतीस. अठ्ठेचाळीसनंतर सतरा.

सगळा कारखाना कान टवकारून बसला. ताईने पान पाहिलं आणि म्हणाली, "असू दे."

चूक मुळात मालकांचीच कशी, हे ऐकून घ्यायच्या तयारीने ते आले होते. "असू दे" ऐकल्यावर ते पुस्तक घेऊन परत गेले.

खरं तर त्याआधी महिनाभर ती गप्पच होती. सकाळी तिची बोटं आखडत, सांधे सुजत, बटण लावायला अर्धा तास जाई. मी दोन्ही गोष्टी पाहत होते. बोटं वयामुळे आणि गप्प राहणं उशिरा आलेल्या शहाणपणामुळे, असा निष्कर्ष काढून मी मोकळी झाले होते. पण त्या आठवड्यात तिने राजीनामा लिहिला, महिनाअखेरपासूनचा.

"घरी बसून काय करणार?" मी विचारलं.

"पडून राहीन."

दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

मनाच्या डॉक्टरांनी तासभर शांतपणे ऐकलं, गोळ्या दिल्या. बोटांचं विचारलं तर म्हणाले, ते माझ्याकडे नाही. हाडांच्या डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, मलम दिलं. मनाचं विचारलं तर तेही तेच म्हणाले. दोघांचे दरवाजे समोरासमोर होते. मधल्या बाकावर आम्ही बसलो होतो, आणि ताईचा बोटांपासून डोक्यापर्यंतचा मधला भाग कुणाकडे असतो हे पाटीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई सांध्यांच्याच, पण त्यांनी दोन्ही एका दमात विचारलं. रक्त तपासलं.

"ताप आला की आपल्याला कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं ना?" त्या म्हणाल्या. "कुणाशी बोलू नये, काही खाऊ नये. ते शरीरच सांगतं. आजाराशी लढणारी आपली जी प्रतिकारशक्ती असते, ती मेंदूला निरोप धाडते की आता गप पडा. यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांशी भांडतेय. भांडण थांबत नाही, म्हणून निरोपही थांबत नसावा. प्रत्येक उदास माणसाचं असं नसतं. यांचं असू शकतं. मनाच्या गोळ्या सोडू नका, आणि ही औषधंही घ्या."

ताई स्वतःशीच भांडतेय, हे मला लगेच पटलं. भांडायला बाहेरचं कुणी उरलंच नव्हतं.

मालकांनी राजीनामा खणात ठेवला आणि किल्ली हरवली म्हणून सांगितलं. महिनाअखेर आली, गेली. नवी औषधं सुरू झाल्यापासून सातव्या आठवड्यात एका सकाळी ताई टेबलावर येऊन बसली, माझी शिवण हातात घेतली आणि म्हणाली, "हा टाका आहे की शिक्षा?"

मी रडले. सगळ्यांदेखत, फर्म्यांवर. ताईने आधी फर्मे बाजूला केले.

"तीन महिने मी गप्प होते," ती म्हणाली. "तुला बरंच वाटलं असेल."

"वाटलं की. पहिले आठ दिवस."

"आणि मग?"

"मग रोज सकाळी तुझ्या खोलीच्या दाराला कान लावून उभी राहायचे. तुझा श्वास चालू आहे का ते ऐकायला."

ताईने टेबलावरची सुई उचलली.

"मीही आत तेच ऐकत पडलेली असायचे," ती म्हणाली. "अजून चालू आहे, म्हणून वाईट वाटायचं."

मग तिने सुई माझ्याकडे दिली, ओवून दे म्हणून. बोटं अजून नीट वळत नव्हती.