मामांची नजर

माझ्या बायकोच्या मामांना स्वतःच्या डोळ्यांचा जेवढा अभिमान होता, तेवढा लोकांना पोटच्या मुलांचाही नसतो. सत्तरी ओलांडली तरी चष्मा नाही, ही आयुष्यातली एकमेव मोठी कमाई असल्यासारखे ते वागायचे. आमच्या लग्नात शेवटच्या रांगेतून अक्षता टाकता टाकता त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं होतं, "मुलानं दाढी करताना डाव्या कानाखाली कापून घेतलंय." खरंच कापलं होतं. मला लहानपणापासून चष्मा, त्यामुळे माझ्याविषयी त्यांना कायम कणव वाटायची. "जावईबापू, काचेआडून बघितलेलं जग म्हणजे पिशवीतलं दूध. म्हशीचं ते म्हशीचं!" भाईंदर पूर्वेला खारीगावाजवळच्या त्यांच्या सोसायटीत कुणाला सुईत दोरा ओवता आला नाही, की सुई तिसऱ्या मजल्यावर मामांकडे यायची. रोज सकाळी ते तोंडात गुळणी धरून गॅलरीत उभे राहायचे आणि डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारायचे. ते पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडायचं. "अंकल, पापड!" अशी खालून हाक आली, की मामा गुळणी टाकून शांतपणे म्हणायचे, "बेन, पापड और बनेगा, आँख नहीं बनेगा."

अशा माणसाला एके दिवशी आपल्या हॉलचं नवं ग्रिल वाकडं दिसायला लागलं. गज मधोमध पोटातून फुगलेत, असं त्यांचं म्हणणं. ग्रिलवाल्याला त्यांनी नया नगरहून बोलावून घेतलं. त्या रविवारी मीही तिथेच होतो. "चाचा, एकदम सीधा है," असं तो परोपरीनं सांगत होता. शेवटी त्यानं दोरीला वजन बांधून ओळंबा सोडला. दोरी गजाला अगदी समांतर लोंबत होती. मामांनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि निकाल दिला, "ही दोरीपण वाकडी आहे."

आम्ही सगळे हसलो, ग्रिलवालाही हसला. मामी हसल्या नाहीत. हातातला चहाचा ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, वजन बांधलेली दोरी वाकडी कशी असेल?"

मीरा रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वयामुळे काहींचा डोळ्यामागचा पडदा मधोमध झिजतो. मामांच्या उजव्या डोळ्यात त्या पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपत होतं. गेलेलं बहुतेक परत येणार नाही, उरलेलं राखायचं, आणि त्यासाठी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. "डोळ्यात सुई?" मामा ओरडले. "जन्मभर लोकांच्या सुया ओवल्या, त्याचं हे फळ?" डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा एक कागदही दिला. रोज एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं, आणि चांगल्या डोळ्यालाही रेषा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायचं. मामींनी तो फ्रिजवर चिकटवला. उजव्या डोळ्यानं बघून मामा रोज न चुकता म्हणायचे, "छपाई भिकार आहे." पण इंजेक्शनं घेतली. सिगारेट सोडली. पालक आणि माठ यांच्याशी असलेलं जन्माचं वैर मिटवलं. डावा डोळा शाबूत होता, तेवढ्या बळावर ते वर्षभर पूर्वीसारखेच मिजाशीत वागत राहिले.

मग मामी बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, नंतर छातीत कफ भरला आणि हॉस्पिटलातला मुक्काम लांबतच गेला. मामांना मूलबाळ नाही. मी आणि बायको आळीपाळीनं जायचो, पण मामा खुर्चीवरून हलायचे नाहीत. इंजेक्शनचं विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरांनी मध्ये गॅप ठेवायला सांगितलंय." आम्ही आमच्याच धावपळीत होतो. खरं मानलं.

मामींना घरी आणलं त्या दिवशी मामा पलंग, चादरी नीट करायला पुढे गेले होते. आमची रिक्षा गल्लीत वळली तेव्हा ते गेटपाशी उभे दिसले. आमच्या पुढेच एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून मामींसारख्याच हिरव्या साडीतल्या एक म्हाताऱ्या बाई उतरायला लागल्या. मामा लगबगीनं पुढे झाले, त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "ये, हळू. पाय जपून टाक." त्या बाई दचकल्या. "भाईसाब, आप कौन?" मामांनी चटका बसल्यासारखा हात सोडला. मागच्या रिक्षातून मामींनी हे सगळं बघितलं.

वर गेल्यावर पलंगावर टेकत मामींनी विचारलं, "केव्हापासून?"

"तू ॲडमिट झालीस, त्याच सुमाराला."

"आणि डॉक्टरांकडे गेला नाहीत?"

"गेलो असतो तर डोळ्याला पट्टी लावून घरी बसायला लागलं असतं. तुझ्याजवळ कोण होतं?"

"हे दोघं होते की!"

"होते," मामा म्हणाले. "पण शुद्धीवर आल्यावर तू मलाच शोधलं असतंस."

मामींनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्या मामांशी नीट बोलल्या नाहीत.

डाव्या डोळ्याचीही इंजेक्शनं सुरू झाली, पण मधला बराचसा भाग गेला तो गेलाच. आता मामांना कडेकडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघाल तोच पुसला जातो, म्हणून ते माणसाशी बोलताना त्याच्या बाजूला बघतात. बाजारात उत्तनची कोळीण एकदा भडकली, "काका, मासली माझी हाय, बघतो त्या बाजूवालीकडं!" मामांनी सगळं समजावून सांगितल्यावर तिनं उगीचच दोन बोंबील जास्त टाकले, आणि त्याचं मामांना फार वाईट वाटलं. मामी वॉकर धरून घरात फिरतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "जन्मात कधी माझ्याकडे सरळ बघितलं नाही. आता मला बघायचं म्हणून कपाटाकडे बघत बसतात." हे सांगताना त्या हसतात. मामाही हसतात, किंचित उशिरा.

परवा इंजेक्शन झाल्यावर मी मामांना घरी पोचवलं. डोळ्यात थेंब घालायचे होते. मी बाटली उघडली, तर मामींनी ती माझ्या हातातून काढून घेतली. वॉकर बाजूला सारून त्या मामांच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. मामांनी मान मागे टाकली आणि डोळे उघडे धरले. आजारपणापासून मामींचा हात कापतो. त्यांनी एका हातानं दुसरं मनगट धरलं, बराच वेळ नेम धरला आणि बाटली दाबली.

"पडलं का हो डोळ्यात?"

थेंब पापणीच्या बाहेर पडून गालावरून कानाकडे ओघळत होता.

"अगदी बरोबर पडलं," मामा म्हणाले.