घरून पिऊन आलोय

आज मठपती सरांना माती देऊन आले आणि आरशात बघायची हिंमत होत नाहीये.

रडून डोळे सुजलेत म्हणून नाही. लाज वाटतेय म्हणून.

मठपती सर माझे पीएचडीचे गाइड. आमच्या विद्यापीठात गुन्हेगारी आणि समाज हा त्यांचा विषय. वर्गात कमी, फील्डवर जास्त. "खुर्चीत बसून कायदा कळत नाही, पोरींनो," म्हणायचे आणि जीपमध्ये कोंबायचे.

ते दुष्काळाचं साल होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमचा प्रोजेक्ट होता अंडरट्रायल कैद्यांच्या घरच्यांवर. जामीन मिळू शकतो, पण कुणी धावपळच केली नाही म्हणून आत राहिलेली माणसं.

देवणीच्या पलीकडं एक पारधी वस्ती. तिथली कौसाबाई. तिचा मुलगा विलास आत होता.

आरोप काय? विहिरीवरची मोटार चोरली. विहिरीत पाण्याचा टिपूस नाही आणि हा म्हणे मोटार चोरतोय.

सरांनी निघण्याआधीच नियम घालून दिला होता. दुष्काळ आहे, लोकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. बाटली आपली आपण न्यायची. कुणी विचारलं तर सांगायचं, "नको, घरून पिऊन आलोय."

आम्हाला केवढा अभिमान त्या नियमाचा! किती समजूतदार आम्ही.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कौसाबाईनं तांब्या पुढं केला. आम्ही सगळ्या एका सुरात, "नको माय, घरून पिऊन आलोय."

पुढच्या खेपेलाही तेच.

त्यानंतर तिनं तांब्या आणलाच नाही. बोलायचीसुद्धा तुटक.

विलाससाठी वकील तयार होता, फुकट. जामीनदारही सरांनी शोधला होता. पण ही बाई हो म्हणेना. सर समजावून समजावून थकले. नवा जिल्हा होणार अशी तेव्हा सगळीकडं चर्चा. सर म्हणाले, "माय, उदगीर जिल्हा झाला की कोर्ट पण जवळ येईल बघ."

ती म्हणाली, "कोर्ट जवळ येऊन काय करू? पोलीस हायेत की जवळ."

शेवटी सर तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "माय, आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकतंय? गावातले बी असंच म्हणतेत. घरून पिऊन आलोय."

मग थांबून म्हणाली, "जे माझ्या घरचं पाणी पीत न्हाईत, त्यांच्या हाती माझं लेकरू कसं देऊ?"

 आमच्या बाटल्या मांडीवर होत्या, त्या कुठं लपवाव्यात ते कळेना.

सर म्हणाले, "माय, मला तहान लागलीय. पाणी दे."

आणि त्या दिवशी तिच्या घरात पाणीच नव्हतं.

ती तांब्या घेऊन गावात टँकरकडं गेली. वस्तीचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागायचा, आणि ही सरांसाठी मध्येच घुसली. आरडाओरडा आम्हाला वस्तीपर्यंत ऐकू आला.

परत आली तेव्हा पदर भिजलेला, कोपर सोललेलं. तांब्यात निम्मं पाणी.

सर ते एका दमात प्यायले. थेंबसुद्धा ठेवला नाही.

परत विद्यापीठाकडं येताना विष्णुपुरीचं धरण दिसलं. तेव्हा सर म्हणाले, "नाही प्यायलो तर तिचा अपमान. प्यायलो तर तिला मार. कसला अभ्यास करतोय आपण?"

रिपोर्टात त्या पाण्याचं नाव झालं 'रॅपो बिल्डिंग', विश्वास जोडणं.

कौसाबाई तयार झाली. विलास जामिनावर सुटला, पुढं निर्दोषही सुटला. सर तिकडं गेले की आधी पाणी मागायचे, बोलणं नंतर.

आता आजचं सांगते.

माती देऊन आल्यावर लातूरला सरांच्या अंगणात माणसं बसली होती. कोपऱ्यात पाण्याचा जार, प्लॅस्टिकचे ग्लास. विलास गेटजवळ उभा. मला बघून म्हणाला, "ताई, मायनं पाठवलं. तिला चालवत न्हाई आता."

तेवढ्यात सरांच्या एका नातेवाइकाचा मोबाइल सापडेना.

कुणी 'चोर' म्हणालं नाही हो. सुशिक्षित घर आहे. फक्त एकानं विचारलं, "हे कोण? कुठले?" विलासनं वस्तीचं नाव सांगितलं. मग सगळेच त्याच्याकडं बघायला लागले.

मी दोन हातांवर उभी होते. याच विषयातली डॉक्टरेट. "हा सरांचा माणूस आहे," एवढं एक वाक्य. तोंडातून फुटलं नाही. आज, भर दुपारी, सगळ्यांसमोर.

कुणी सांगायच्या आत विलासनंच पिशवी उघडून दाखवली. सवय असल्यासारखी.

आत एका रुमालात बांधलेला बेल होता. सरांना वाहायला आणलेला. माती देताना त्याला पुढं जायला कुणी वाटच दिली नव्हती.

मोबाइल गाडीत चार्जिंगला सापडला. "चला, मिळाला एकदाचा," म्हणून सगळे चहाकडं वळले. त्याला सॉरी कुणी म्हणालं नाही.

विलास निघाला. तेव्हा कुठं मला जाग आली. जारमधून ग्लास भरला आणि त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावले.

"विलास, निदान पाणी तरी पिऊन जा."

त्यानं ग्लासकडं बघितलं. चिडला नाही. उलट हसला थोडं. हात जोडून म्हणाला,

"नको ताई. घरून पिऊन आलोय."

देवणीच्या पलीकडून पहाटे निघालेला माणूस.

सर, बेल त्यानं जाताना माझ्याकडं दिलाय. उद्या मातीवर वाहून येईन. आज श्रद्धांजली लिहायचं तोंड नाही मला.

निरोप घ्या, सर.