काडीभावोजींचा ओला खांब

माझे भावोजी इतके किडकिडीत, की कामावर सगळे त्यांना ‘काडी’ म्हणतात. काँक्रीटचे बारीक खांब ओतून ते मोडेपर्यंत दाबून बघणाऱ्या प्रयोगशाळेत ते मिस्त्री आहेत. बारीक माणूस बारीक खांबांच्या प्रेमात पडला यात नवल नाही. माझ्या ताईच्या प्रेमात कसा पडला हे मात्र कोडंच आहे, आणि ते मी ताईच्या तोंडावर म्हणते.

यंदाचा खांब घरचाच होता. ताई ज्या इस्पितळात नर्स आहे, तिथल्या नव्या वॉर्डाला तसलेच सडसडीत खांब लावायचे होते, खाटा वळवायला जागा राहावी म्हणून. त्या काँक्रीटमध्ये पोलादी तारांचे तुकडे आणि प्लास्टिकचे केसाएवढे धागे असतात. आगीत धागे वितळतात आणि आत कोंडलेल्या वाफेला वाट मिळते. नाहीतर असलं घट्ट काँक्रीट लाहीसारखं फुटतं. डोक्यावर वजन घेऊन खांब भट्टीत दोन तास टिकला, तरच वॉर्ड बांधणार होते.

प्रयोगशाळेच्या इंजिनिअरबाईंनी बजावलं होतं, सुरुवातीला पाणी मारा, मग सुकू द्या. पण जित्याची खोड! भावोजी रोज घरी निघताना खांबाला पाणी मारतच राहिले. चाचणीच्या सकाळी बाईंनी खांबाला हात लावला.

“हा ओला कसा?”

“सवयीनं, बाई.”

“अहो, ओला खांब आगीत जास्त फुटतो.” बाईंनी ओला हात पुसला. “असू दे. खरी आग काय खांब वाळायची वाट बघणार आहे? पेटवा.”

ताई आणि मी काचेपलीकडे बसलो. थोड्याच वेळात आतून फटाफट आवाज आले आणि कोपऱ्यांचे टवके उडाले. भावोजींच्या तोंडचं पाणी पळालं. मग धागे वितळले असावेत, आवाज थांबले.

ताई घड्याळाकडे बघत पुटपुटत होती.

“काय गं?” मी विचारलं.

“मनातल्या मनात वॉर्ड रिकामा करतेय. चालणारे उतरले. आता खाटेवरचे.”

दोन तास उलटले. खांब उभा होता आणि भावोजीही, मुठी आवळून. बाईंनी मान डोलावली तरी ते हलेनात. शेवटी ताईने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

“अहो, माझा शेवटचा पेशंट कधीच खाली पोचला. आता तुम्ही बसा.”

भावोजी रडले, आनंदाने, सगळ्यांसमोर. मग डोळे पुसून त्यांनी बाईंना विचारलं, “आता मारू का थोडं पाणी?”