भाऊंची पिंपं

भाऊंचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि हे ते तोंडावर सांगून मोकळे होत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला नीट न्याहाळून घेतलं आणि म्हणाले, "मानूस चांगलं दिसताय तुमी, सायेब. पन माझा इस्वास न्हाई." आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. दुकानदार 'साखर संपली' म्हणतो, तितक्या सहज ते बोलले. मी तेवीस वर्षांचा होतो, अंगावर नवी कोरी पँट होती, आणि माझ्यावर विश्वास नसलेला माणूस मला तोवर भेटलेला नव्हता. मला भयंकर राग आला.

ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी नुकताच एका कंत्राटदाराकडे चिकटलो होतो. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या जुन्या मोऱ्या रुंद करायचं काम कामशेत ते लोणावळा या पट्ट्यात निघालं होतं. अर्धा रस्ता उकरायचा आणि उरलेल्या अर्ध्यावरून वाहतूक सोडायची. तोवर अशा खड्ड्यासमोर चुना फासलेले चार दगड आणि एखादी तोडलेली फांदी टाकली की काम भागायचं. पण या खेपेला सरकारी इंजिनिअरांनी बजावलं, की नीट अडथळे, पाट्या आणि बावटे लावल्याशिवाय कुदळ उचलायची नाही. हे सामान भाड्यानं देणारा माणूस आमच्या सगळ्या टापूत एकच, तो म्हणजे कुसगावचे भाऊ.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा सगळा पसारा होता. डांबराची रिकामी पिंपं लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवून रांगेत उभी केलेली. 'सावकाश' आणि 'पुढे काम चालू आहे' अशा पाट्या, लाल काचेचे कंदील, आणि एका कोपऱ्यात काठ्यांना शिवलेले बावटे. बावटे मावशी, म्हणजे त्यांची बायको, हातशिलाईनं शिवायच्या. भाऊ आधी रेल्वेत फाटकवाले होते. ती नोकरी मुदतीआधीच का सुटली हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, त्यामुळे लोणावळ्याच्या बाजारात त्याच्या चार-पाच गोष्टी चालत. एका गोष्टीत ते साहेबाशी भांडले होते, तर दुसऱ्या एका गोष्टीत त्यांनी फाटकाचं लोखंड विकलं होतं. मी सगळ्या ऐकल्या आणि मला सोयीची ती धरून ठेवली.

सामान मागायला गेलेल्या माणसाची भाऊ उलटतपासणी घेत. खड्डा किती खोल? उतार कुणीकडून? राखायला कोण बसणार? त्याला दुपारी डुलकी लागते का? एवढं विचारूनही समाधान व्हायचं नाही. मग ते स्वतः जागेवर येऊन रस्ता दोन्ही बाजूंनी पायी चालून बघत. एका हॉटेलवाल्यानं पाहुण्यांच्या मोटारी लावण्यासाठी चार पिंपं मागितली, तर त्याला सरळ नकार दिला. "पिंप दिसलं म्हंजी फुडं खड्डा हाय, असं डायवरला कळाया पायजे. तुमी उगंच उभी कराल, आन मग माझ्या पिंपावर कोन इस्वास ठेवंल?" दुसऱ्यांवर कवडीचा विश्वास नसलेल्या या माणसाला स्वतःच्या पिंपांवरचा विश्वास मात्र जपायचा होता. त्या वेळी मला ते ढोंग वाटलं.

एकदा तळेगावकडे कुठल्याशा कामगारांची गडबड चालू असताना हवालदार चौकशीला आला. एवढे लाल बावटे घरात कशासाठी, असं त्यानं दरडावून विचारलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "हवालदार, हे थांबा म्हनायचे बावटे हायती. चला म्हनायचे न्हाईत." हवालदार हसून चहा पिऊन गेला. त्याची पाठ वळताच भाऊंनी बावटे मोजले. हा किस्सा मला मावशींनीच सांगितला, कपाळाला हात लावून.

पिंपं उभी करायची त्यांची एक रीत होती. खड्ड्याच्या आधी बरीच पावलं पहिलं पिंप, मग तिरक्या रांगेत बाकीची, म्हणजे गाडी आपोआप मोकळ्या बाजूला वळायची. प्रत्येक पिंपात अर्ध्यापर्यंत ओढ्यातले गोटे भरायचे, वर गोणपाट टाकायचं आणि काठाखाली सुंभानं करकचून बांधायचं. मग भाऊ प्रत्येक पिंपाला पायानं रेटून बघत. हललं की आणखी गोटे. गाठही त्यांची स्वतःची, दुसऱ्याला सुटायची नाही अशी. दगडांच्या तोंडाला गाठ कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या मजूर बाया हितं रांधत्यात ना? तीन गोटं गेलं की चूल व्हती, पन पिंप हलकं व्हतं. हलकं पिंप नसल्यापरीस वाईट. डायवर त्याच्यावर भरवसा ठेवतो."

भाडं घेऊन माणूस घरी बसतो, पण भाऊ रोज यायचे. जुना रेल्वेचा खाकी कोट घालून, बैलगाडी लांब झाडाखाली सोडून, पिंपांमधून हिंडायचे. गोणपाटं चाचपायचे. आमच्या राखणदाराच्या तोंडाचा वास घ्यायचे. तुम्ही स्वतः रोज कशाला येता, असं मी एकदा वैतागून म्हटलं, तर म्हणाले, "फाटकावर एकच शिकलो, सायेब. येनारा आपल्याला बघतोय, असं कंदी धरून चालू नये."

त्याच सुमाराला आमचं सिमेंट कमी भरायला लागलं. तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं आणि एकेका पोत्यासाठी आमचे कंत्राटदार शेठ अर्ज घेऊन फिरायचे. आज दोन, परवा तीन अशी पोती जाऊ लागली. एक दिवस शेठ मोटारीतून उतरले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "आठवड्यात चोर दाखवा, नाहीतर तुम्ही पुण्याची गाडी धरा." घरी वडिलांची नोकरी सुटलेली होती आणि माझ्या पगारावर पाच माणसं जेवत होती. मी चोर शोधायला लागलो. खरं सांगायचं तर मला फारसा शोधावा लागला नाही. रोज येणारा, बैलगाडी असलेला, झाकून गाठी मारलेल्या पिंपांपाशी घुटमळणारा माणूस डोळ्यांसमोरच होता. रेल्वेतली ती लोखंडाची गोष्टही होतीच.

एका सकाळी भाऊ आले तेव्हा मी मजुरांना उभं केलं होतं. "पिंपं उघडा," मी म्हणालो. भाऊ समजले. त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. गाठी सुटेनात, म्हणून मी सुंभ कापायला लावलं. एकेक पिंप आडवं करून रस्त्याच्या कडेला ओतलं. गोटे, गोटे आणि गोटे. सगळी पिंपं ओतून झाली आणि मजूर माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हा म्हातारा शिव्या घालणार.

भाऊ म्हणाले, "बरं केलंत, सायेब. संशय आला तं उघडून बघावं. मनात ठिवला की मानूस सडतो."

मला ते सहन झालं नाही. शिव्या चालल्या असत्या. मी तिरसटासारखं म्हणालो, "झालं ना? आता तुम्ही जा. पिंपांचं आम्ही बघतो." भाऊ बैलगाडीकडे निघून गेले. पिंपांना पायानं न रेटता ते गेले, असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"परत भरा" असं मी मजुरांना म्हणालो की नुसतंच "परत उभी करा" म्हणालो, हे मला आजही आठवत नाही. त्यांनी उभी केली. गोणपाटं वर टाकली, उरलेल्या सुंभानं बांधली. लांबून सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. रस्त्याच्या कडेला आयते पडलेले गुळगुळीत गोटे दुपारपर्यंत चुलींना गेले. त्या चुलींवर भाकऱ्या भाजलेल्या मी बघितल्या, आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

जेवणं उरकून माणसं मोरीच्या खड्ड्यात उतरली होती. डोंगरावरच्या वाडीतली आठ माणसं, बाया आणि गडी. लोणावळ्याकडून उतारानं एक मालट्रक आला. ड्रायव्हरला पिंपं दिसली होती, पण समोरून गाडी येत होती. पिंपांना घासून जाऊ, भरलेली आहेत, ढळायची नाहीत, असा त्यानं हिशेब केला. असा हिशेब त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर करत, आणि तो करायला त्यांना भाऊंनीच शिकवलं होतं. चाकाचा धक्का लागताच पहिलं पिंप डब्यासारखं उडालं. त्यानं दुसरं पाडलं, दुसऱ्यानं तिसरं. ड्रायव्हर गोंधळला आणि ट्रक खड्ड्याकडे ओढला गेला.

त्याच वेळी कामशेतच्या बाजूनं भाऊ धावत येताना मला दिसले. अर्ध्या वाटेवरून त्यांनी बैलगाडी फिरवली होती. पिंपं कोणी भरली, किती भरली, हे बघितल्याशिवाय त्यांना घर गाठवेना. हातात बावटा होता आणि ते खड्ड्याकडे बघून ओरडत होते, "डोंगराच्या अंगाला सरका! अंगाला सरका समदी!" माणसं खड्ड्याच्या भिंतीला चिकटली. दोन पिंपं खाली कोसळली. ट्रकचं पुढचं चाक काठावर येऊन लोंबकळत थांबलं. भाऊ तोवर मागं वळून रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि कामशेतकडून आलेली भरलेली एसटी त्यांच्या बावट्यापासून चार हातांवर करकचून थांबली होती.

सात माणसं धडधाकट वर आली. आठव्याच्या, बुधाच्या, पायावर पिंप पडलं होतं, त्याला झोळीतून वर काढावं लागलं. पाय मोडला होता. पिंप भरलेलं असतं तर आणखी वाईट झालं असतं, असं त्या वेळी कुणीतरी म्हणालं. मी ते लगेच मनात जपून ठेवलं, आणि पुढे बरेच दिवस स्वतःला ऐकवलं. भरलेलं असतं तर ते पडलंच नसतं, हे कळायला काय ओव्हरसियरची परीक्षा लागते?

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. इंजिनिअरसाहेब, शेठ, मी, भाऊ आणि दाराशी मजूर. साहेबांनी विचारलं, "पिंपं रिकामी कुणी ठेवली?" मजुरांनी मान खाली घातली. मी शेठकडे बघितलं. मला पाच ताटं दिसत होती. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ मिळाला होता, हे मी कबूल करतो. मग भाऊ म्हणाले, "पिंपं माझी हायती, सायेब. रेटून बघायचं काम माझं. काल म्या न बघताच गेलो."

ते खोटं नव्हतं. त्यांच्या लेखी तर तेच खरं होतं. पण माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता हे मला रागापेक्षा जड गेलं. भाऊंचं सामान त्या रस्त्यावर पुन्हा घ्यायचं नाही, असं ठरलं. पिंपं त्यांनी एकट्यानंच बैलगाडीत चढवली. मी कामावरच्या छपरीत बसून राहिलो. माझी नोकरी टिकली. पुढे दोन महिन्यांनी आमचाच गोदाम कारकून पकडला गेला. सिमेंटची पोती आमच्या जागेवर उतरतच नव्हती, तो वाटेतच वळती करत होता. त्याच्यावर माझा फार विश्वास होता.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे मी स्वतः कंत्राटं घेतली, कितीतरी रस्ते केले. माझ्या हाताखालची पोरं मला चिडचिडा म्हणतात, कारण मी प्रत्येक अडथळा स्वतः हलवून बघतो. हे भाऊंनी मला शिकवलं असं मी ऐटीत सांगतो. कशी शिकवण मिळाली ते सांगत नाही. आज सांगतोय.

त्या प्रकारानंतर दीडेक वर्षानं मला तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावच्या रस्त्याचं काम मिळालं, पहिलंच स्वतःच्या जबाबदारीचं. मी कुसगावला गेलो. शेडमधल्या पिंपांचा रंग उडाला होता. एका पिंपात मावशींनी पाणी भरून ठेवलं होतं. भाऊ ओट्यावर सुंभ वळत बसले होते. बरेच बारीक झाले होते. मी बसलो.

"भाऊ, मी माफी मागायला आलोय," मी म्हणालो. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी हातातला पीळ पुरा केला. सुंभ खाली ठेवलं. नव्या कामाचा नकाशा माझ्या खिशातून अर्धा बाहेर आला होता, त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "पिंपं किती लागत्यात?"

"चौदा," मी म्हणालो, आणि मग मला रडू कोसळलं.

भाऊ उठले आणि बैल जुंपायला गेले.