पान एकसष्टवर नसलेलं वाक्य

९ मे. शाळेला सुट्टी आणि ग्रंथालयाची वार्षिक पडताळणी. म्हणजे कपाटातलं एकेक पुस्तक काढायचं, झटकायचं, क्रमांक रजिस्टरशी जुळवायचा आणि परत लावायचं. क्रांती चौकापासून पाच मिनिटांवरच्या एका शाळेत मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे आणि दर मे महिन्यात हेच करते. नजर, शकुन, मुहूर्त असल्या कशावर माझा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच बाजूला हो म्हणते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं, चहा दिला असता आणि विसरून गेले असते.

मदतीला शकीला होती, आमची शिपाई. माझ्या वर्षभर आधी ती शाळेत लागली, आणि ते ती अजून ऐकवते.

भेट आलेली पुस्तकं मी वाचल्याशिवाय कपाटात लावत नाही. वाचायचं, कोणत्या इयत्तेला द्यायचं ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी आत ठेवायची, ही माझी जुनी पद्धत. त्या दिवशी गठ्ठ्यात सर्वात वर किशोरांसाठीची एक पातळशी कादंबरी होती, परदेशी पुस्तकाचा अनुवाद. जीवघेणा विषाणू, बंद पडलेलं शहर आणि आजारी आईला सांभाळणारी पंधरा वर्षांची मुलगी. डबा खाऊन साडेबाराला पंख्याखाली वाचायला बसले.

"एवढं काय वाचायले बाई?" शकीलानं शिडीवरूनच विचारलं.

"साथीची गोष्ट आहे. सगळं शहर आजारी पडतं."

"हौ? फुकटात घाबरलो ना आपन त्या कोरोनाच्या सालात. आता पुस्तक कायकू?"

खरं तर मलाही तेच वाटत होतं. पण गोष्ट पकड घेणारी निघाली. ती मुलगी इमारतीच्या जिन्यात बसून राहते आणि घराबाहेर पडणारा प्रत्येक माणूस जाताना काय बोलतो ते ऐकते. कारण तिला एक गोष्ट कळलेली असते. पान एकसष्ट, खालून तिसरी ओळ: 'ताप नंतर येतो. आधी माणूस निघताना "येतो" म्हणायचं विसरतो आणि "जातो" म्हणतो.'

मी तिथं थांबले. आपल्याकडे दारातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. लहान मुलगी म्हणाली तरी आई तिला 'येते म्हण' सांगते. कल्पना मला आवडली. चिठ्ठीवर लिहिलं — 'इ. ८ वी ते १० वी. पान ६१, येते-जातेची कल्पना चांगली.' चिठ्ठी त्याच पानात ठेवली आणि रजिस्टर ओढलं.

दीड वाजता शकीला पदर झटकत दारात आली. "खिडक्या लावल्या. जाते बाई."

मी मान वर केली. एकवीस वर्षांत ती माझ्याशी भांडून गेली आहे, रडत गेली आहे, एकदा न विचारता अर्धी रजा घेऊन गेली आहे... पण प्रत्येक वेळी 'येते बाई' म्हणून.

"शकीला, काय म्हणालीस?"

"खिडक्या लावल्या म्हनलं."

"त्याच्यापुढं?"

"पुढं काय? तुमच्या कानात धूळ गेली बाई," ती म्हणाली आणि जिना उतरली.

मी स्वतःला समजावलं. घरी ती दखनी बोलते. तिकडं 'मैं जाती' सरळ म्हणत असतील, तेच जिभेवर आलं असेल. कारण चांगलं होतं. तरी पुढच्या दहा मिनिटांत मी तीन क्रमांक चुकीचे लिहिले. मग ते वाक्य पुन्हा बघावं म्हणून पुस्तक उघडलं.

पान एकसष्ट अर्धं कोरं होतं. तिथं प्रकरण संपत होतं. वरच्या अर्ध्यात मुलगी आईसाठी पाणी उकळत होती. जिना नव्हता. मागेपुढे चाळलं. मग पहिल्या पानापासून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पूर्ण पुस्तक पाहिलं. या पुस्तकातल्या रोगाचं पहिलं लक्षण तळहाताची खाज आहे. चौदाव्या पानावर स्पष्ट दिलं आहे. 'येतो-जातो' कुठंच नाही. आणि असणार तरी कसं? मूळ पुस्तक कुठल्या तरी बर्फाळ देशातलं. तिथले लोक निघताना 'येतो' म्हणतच नसणार. हे मला आधी सुचायला हवं होतं.

पण चिठ्ठी होती. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत.

साडेतीन झाले होते. स्कूटी काढली. शहागंजच्या पलीकडे एका गल्लीत शकीलाचं घर आहे. दार तिच्या मुलीनं, नसरीननं उघडलं.

"अम्मी झोपली आहे मॅडम. ऊन लागलंय. तळपायाला कांदा चोळला, पन्हं पण दिलं."

मे महिन्यात आमच्याकडे ताप आला की त्याला ऊन लागणं हेच नाव. मीही तेच म्हटलं असतं आणि परत फिरले असते. मी आत गेले तेव्हा शकीलानं डोळे उघडले. "बाई... रजिस्टर चुकलं का?" एवढं बोलायला ती मध्ये दोनदा थांबली. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"संध्याकाळी उतरेल ना मॅडम," नसरीन म्हणाली. "शेजारच्या खालाचा पण उतरला."

माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. "नाही उतरणार. रिक्षा बघ," एवढंच म्हणाले. शकीला भिंतीला धरून उठली. "आता माझी पन... पडताळनी का?"

दवाखान्यात नर्सनं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला आणि कुणाला तरी हाक मारली. तासाभरात ऑक्सिजन सुरू झाला. दोन्ही फुप्फुसं भरत आली होती. कोणता तरी विषाणू, कोणता ते रिपोर्ट आल्यावर, असं डॉक्टर म्हणाले. आजची रात्र महत्त्वाची, असंही म्हणाले. मग मला विचारलं, "लवकर आणलंत. उन्हाचं समजून लोक दोन-तीन दिवस काढतात. तुम्हाला कसं कळलं?"

"धाप लागत होती," मी म्हणाले. पुस्तकाचं काय सांगणार?

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, डुलकी लागली असेल, स्वप्नात वाचलं असशील. असेल. पण झोपेत चिठ्ठी लिहून ती बरोबर त्याच पानात ठेवता येते का? मी दुसरंही कारण शोधून पाहिलं. तिची धाप मला नकळत आधीच जाणवली असेल आणि बाकीचं डोक्यानं रचलं असेल. पण मी चिठ्ठी लिहिली तेव्हा ती शिडीवरून गठ्ठे उतरवत माझी टर उडवत होती. चिठ्ठी पर्समध्ये आहे. अजून मला त्याचा अर्थ लावता आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दवाखान्यात गेले. एका वेळी एक माणूस, पाच मिनिटं. नसरीन रात्रभर जागी होती. तिला चहाला पाठवून मी आत गेले. शकीलाच्या तोंडावर मास्क, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डोळे उघडे होते. मी काय ठरवून आले होते ते सांगायला मला आजही लाज वाटते.

"शकीला, एकदा 'येते' म्हण."

तिनं दोन बोटांनी मास्क बाजूला केला.

"मी कुठं जायले बाई?" मध्ये श्वास. "जायले तुम्ही. तुम्ही म्हना."

"मॅडम, वेळ झाली," नर्स मागून म्हणाली.

मी 'येते' म्हणाले, आणि स्टूल पलंगाजवळ ओढून बसले.