मनकर्णाबाईंच्या हौदातले झिंगे

मानवतच्या पलीकडे, दुधनेच्या काठच्या खेड्यात मनकर्णाबाईंच्या दारापुढे गुरांचा सिमेंटचा हौद होता. शेवाळ धरलं की धाकटा दीर व्यंकटराव त्यात मोरचूद टाकायचा. मग निळसर पाण्याला गुरं तोंड लावायची नाहीत. नवऱ्याच्या माघारी बाईंनी हौद आपल्या हाती घेतला. नदीतून दगड चाटणारे बोटभर मासे आणले, जोडीला मूठभर झिंगे. मासे भिंती खरडायचे, झिंगे तळाची घाण वेचायचे.

"वैनी, मासे झिंगे खातेत," व्यंकटराव म्हणाला.

"ह्यांचं तोंड चाटायचं हाय, भावजी. खाल्लीच तर बारकी पिल्लं खातील. त्येंना लपायला घर करते."

त्यांनी रानातून पऱ्हाट्यांची पेंढी आणून पाण्यात बुडवली. वेचणी झालेल्या कापसाच्या त्या वाळक्या फांद्यांत पिल्लांना आडोसा मिळेल, असा त्यांचा विचार. दुसऱ्या दिवशी मासे फिरत होते, पण झिंगे सगळे मरून तळाशी पडले होते.

"म्हणलं नव्हतं? आता मोरचूदच आणतो. लय झाला तुमचा खेळ!"

बाईंनी एक मेलेला झिंगा उचलून उजेडात धरला. मिशा, पाय, सगळं शाबूत. माशानं खाल्लेला झिंगा असा अख्खा कसा राहील? मग त्यांचं लक्ष पेंढीकडे गेलं. त्याच कापसावर बोंडअळीसाठी औषध फवारलेलं होतं; ते पाण्यात उतरलं, मासे तगले, पण झिंगे अळीसारखेच मेले. चूक त्यांचीच होती, माशांची नव्हती. त्यांनी पेंढी ओढून काढली, मासे घंगाळात ठेवले आणि हौद उपसून घासला.

नामांतराच्या आंदोलनामुळे त्या आठवड्यात एसटी बंद होती. मोरचुदासाठी व्यंकटरावाला मानवत गाठता येईना. तेवढ्या दिवसांत बाई जुनं लुगडं घेऊन पुन्हा दुधनेत उतरल्या.

"मनकर्णे, झिंगे धरायलीस? कालवण कधी?" काठावरून शेजारची धुरपताबाई ओरडली.

"कालवण न्हाई गं, माझे सालगडी हायेत हे!"

या वेळी लपायला फुटक्या रांजणाची खापरं टाकली. मासे वर, झिंगे खापरांखाली, असं बस्तान बसलं.

एसटी सुरू झाली आणि व्यंकटराव पुडी घेऊन हौदाशी आला. मनकर्णाबाईंनी तांब्या बुडवला आणि त्याच्यासमोर घटाघटा पिऊन रिकामा केला.

"आता टाका मोरचूद. पण टाकल्यावर एक तांब्या तुमी प्यायचा."

"येड लागलं का वैनी? ते काय प्यायचं असतं?"

"मग बैलांनी का प्यावं?"

"उद्या परत शेवाळ धरलं तर?"

"अजून मासे आणीन. हौद तुमच्या भावानं बांधलाय, अन् हात माझे हायेत."

व्यंकटराव पुडी मुठीत धरून उभाच राहिला. मनकर्णाबाईंनी त्याच्याच बैलांची दावी सोडली आणि त्यांना पाण्यावर आणलं. बैल अंगावर आले, तसा तो बाजूला सरकला.